सहा उंदरांचा बेंदूर

माझे खालचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत. दात सरळ करण्याचाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे लोकांच्या लगेच लक्षात येतं. मोठी माणसं बघून न बघितल्यासारखं करतात. लहान मुलं विचारतात, मग आया त्यांना गप्प करतात. मी सांगते, हे एकदा सरळ केले होते, परत आले. पुढचं सहसा कुणी विचारत नाही.

सरळ केले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आई तासगावजवळच्या एका शेडवर बेदाणा निवडायला जायची. मीही तिच्याबरोबर बसून निवडायला शिकले आणि दहावीनंतर थोडा थोडा माल उचलून कराड, साताऱ्याच्या मिठाईवाल्यांना विकायला लागले. मिठाईवाला पोरगी बघून भाव पाडायचा. मी आवाज चढवायचे. आवाज चढवला की तोंड उघडं पडायचं आणि तो माझ्या दातांकडे बघायचा. हे मला दोन-तीनदा दिसलं आणि मी ठरवलं की दात सरळ करायचे. घरात कुणाला विचारलं नाही, कुणाकडून काही घेतलं नाही. मिरजेत एक डॉक्टर होते, त्यांच्याकडे दीड वर्ष तारा बांधल्या. तारा काढल्यावर त्यांनी दात जागेवर राहावेत म्हणून एक काढघाल करायची प्लेट दिली आणि वर्षभर घाल म्हणून सांगितलं. मी घातली. रोज घातली. पुढच्या दोन वर्षांत दात हळूहळू परत जागेवर गेले. म्हणजे त्यांच्या जुन्या जागेवर.

मी मिरजेला गेले. बाहेर बाकावर सात-आठ माणसं बसली होती आणि डॉक्टरांचं दार उघडंच होतं.

ते म्हणाले, "प्लेट घातली नाहीस."

"घातली. वर्षभर घातली."

"सगळे असंच सांगतात. घातली असती तर दात हलले नसते."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी कुठं म्हटलं? दात बोलतायत."

बाहेरची माणसं हसली. मी काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. पण मी पायऱ्या उतरत असतानाही बोलत होते, आणि रिक्षावाल्यानं विचारलं की भांडण कुणाशी झालं. तेव्हा मी डेंटलच्या शेवटच्या वर्षाला होते. दात परत का फिरतात यावर आमच्या पुस्तकात दीड पान होतं. ते मी त्या रात्री पाठ केलं. त्यात पेशंटचा दोष असतो असंही लिहिलं होतं आणि नसतो असंही. हे पुस्तक माझ्या उपयोगाचं नव्हतं.

पुढे पदव्युत्तर शिक्षणाला दात सरळ करण्याचीच शाखा घेतली आणि प्रबंधाला तोच विषय मागितला. गाईड मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी विचारलं, "हाच का?" मी म्हटलं, महत्त्वाचा आहे. मनात काय होतं ते सांगितलं नाही. मला कागदावर छापून हवं होतं की दात नीट धरून ठेवले तरी परततात. ते छापलं की एक प्रत मिरजेला नेऊन त्या टेबलावर ठेवायची होती.

माणसांवर हे तपासता येत नाही. प्लेट घातली का विचारलं तर माणूस काय वाटेल ते सांगतो, आणि परतलेला दात कापून त्याच्या मुळाशी काय झालं ते बघता येत नाही. म्हणून जगभर हे काम उंदरांवर करतात. पांढऱ्या उंदराला बेशुद्ध करायचं, त्याच्या दाढेपासून पुढच्या दातांपर्यंत एक बारीक स्प्रिंग बांधायची. दोन-तीन आठवड्यांत दाढ पुढे सरकते. मग स्प्रिंग काढायची आणि दाढ परत जाऊ नये म्हणून त्याच जागी पक्की तार बांधायची. नंतर ती तारही काढायची आणि दाढ किती मागे जाते ते मापायचं. शेवटी उंदीर मारायचा, जबडा काढायचा, काप करून भिंगाखाली बघायचं. हिरडीतले धागे ताणलेले असतात, ते दाताला मागे ओढतात. आजूबाजूचं हाडही अजून कच्चं असतं.

माझे तीन गट होते. एकाला तार नाही, एकाला एक आठवडा तार, एकाला तीन आठवडे.

प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी समितीची परवानगी लागते. मला चोवीस उंदीर हवे होते. मी तीस मागितले. समिती सहा कापेल, चोवीस मिळतील, असा सरळ हिशोब. समितीत एक निवृत्त पशुवैद्य होते. त्यांनी माझा कागद बाजूला ठेवला.

"तीस कशाला?"

"काही मरतात, सर."

"किती मरतात?"

"सांगता येत नाही."

"मग तीस कुठून आले? तुम्ही गाव कुठलं म्हणालात?"

"तासगाव."

"वाटलंच. बाई, हा बेदाण्याचा सौदा नाही. खरा आकडा सांगितला असतात तर तो दिला असता. आता अठरा घ्या. आणि एकही मरता कामा नये."

मी खूप भांडले. अठराचे एकोणीस झाले नाहीत.

आमच्या कॉलेजचं प्राणिगृह मागच्या बाजूला होतं. तिथं देखभालीला एक मामा होते. साताऱ्याकडच्या एका खेड्यातले, उसाची थोडी जमीन असलेले. सैन्यात असताना डोंगराळ भागात खेचरांवर होते. निवृत्त झाल्यावर इथं कंत्राटावर लागले. घरी शेवटची बैलजोडी विकून त्यांना काही वर्षं झाली होती, ट्रॅक्टर आला होता. उंदरांशी ते खेचरांशी बोलावं तसं बोलत. पहिल्या दिवशी मला उंदीर चावला तेव्हा त्यांनी माझ्या हातातून तो घेतला आणि म्हणाले, "ताई, तुमी रागानं धरताय. जनावराला हातातनं कळतंय."

"मी रागावलेली नाही, मामा."

"मग तुमचा हातच तसला असंल."

स्प्रिंग बांधण्याचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात कंटाळवाणे दिवस होते. उंदराचं तोंड जेमतेम करंगळी जाईल एवढं. डोक्याला दिवा बांधून मी वाकून बसायचे आणि मामा उंदराचा जबडा दोन दोऱ्यांनी उघडा धरून उभे राहायचे. एकेक स्प्रिंग बसेपर्यंत मी शिव्या द्यायचे. मामा म्हणायचे, "ह्याला मराठी कळत न्हाई, मला कळतंय." स्प्रिंग असताना उंदरांना कडक खाद्य चालत नाही. मामा ते भिजवून, मळून, गोळे करून द्यायचे. मी सांगितलं नव्हतं तरी दिवसातून चार वेळा बघून जायचे. सगळ्यांच्या दाढा सरकल्या. एकही उंदीर मेला नाही, एकाचंही वजन फार घटलं नाही. याचं श्रेय मी तेव्हा स्वतःकडे घेतलं.

मामांना मी एकदा माझे दात दाखवले होते आणि मिरजेची गोष्ट सांगितली होती. ते म्हणाले, "म्हंजी ह्या उंदरांना साक्षीला आनलंय म्हना तुमी." मी हो म्हटलं.

आषाढात तिसऱ्या गटाच्या सहा उंदरांना तार बांधून दोन आठवडे झाले होते. पहिले दोन गट केव्हाच मोकळे झाले होते, त्यांची मापं चालू होती. त्या आठवड्यात मला एक दिवस तासगावला जावं लागलं. परत आले त्या सकाळी प्राणिगृहात शिरल्यावर मला आधी वास आला. तुपाचा आणि गुळाचा. मग पिंजरे बघितले. प्रत्येक पांढऱ्या उंदराच्या कपाळावर गुलालाचा ठिपका होता. मानेवरचे केस तुपानं चिकटले होते. पिंजऱ्यात पुरणपोळीचे कुरतडलेले तुकडे होते. हे सगळं बघून मला हसूच आलं असतं. पण मी सवयीनं तिसऱ्या गटातला एक उंदीर उचलला आणि त्याचं तोंड उघडलं. तार नव्हती. दुसऱ्याचं बघितलं. सहाही उंदरांच्या तारा पुढच्या दातांपाशी नीट कापलेल्या होत्या. माझंच कटर धुऊन, पुसून ट्रेमध्ये जागेवर ठेवलेलं होतं.

मामा बादली घेऊन आले.

"मामा, तारा कुणी कापल्या?"

"मी. काल बेंदूर हुता की."

"मग?"

"बेंदराला जनावराच्या मानंवर जू ठेवत न्हाईत, ताई. आदल्या दिवशी खांदं मळायचं, त्या दिवशी मोकळं सोडायचं. बाकीचे बारा मोकळेच हुते. ह्या सहांचंच उतरलं नव्हतं."

"हे बैल आहेत का?"

"राबत्यात तर खरं. तुमच्यासाठी राबत्यात, आनि शेवटी तुमी त्यांना मारनार. येक दिवस तरी... आज परत बांधा की. बैलालाबी दुसऱ्या दिवशी जुपत्यातच."

बैल एक दिवस मोकळा राहिला तर दुसऱ्या दिवशी तोच बैल असतो. मामांच्या सगळ्या आयुष्यात हे खरं होतं. ते चुकले ते इथं. मी ट्रे फेकला. मामांना, त्यांच्या बेंदराला, गावाला, फौजेला, जे तोंडाला येईल ते बोलले. शेजारच्या खोलीतले दोघे जण दारात येऊन बघून गेले. मामा बादली खाली ठेवून ताठ उभे होते, साहेबासमोर उभं राहावं तसे. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी खाली पडलेलं सामान गोळा केलं.

"माप तरी घिऊन बघा," ते म्हणाले. "किती बिघडलंय ते कळंल."

मी सहाही उंदरांची मापं घेतली. रबरी साचा काढून त्यावरून प्लास्टरच्या दाढा ओतल्या आणि भिंगाखाली ठेवल्या. एका दिवसात दाढा मागे गेल्या होत्या. थोड्याथोडक्या नव्हे. दोन आठवडे धरून ठेवलेल्या दाढा, एका सणाच्या दिवशी सुटल्या आणि निघाल्या. मी नुसती बघत बसले. त्या क्षणी मला राग नव्हता, कारण माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट सुरू झाली होती.

मी आता या तारा परत बांधल्या आणि बेंदराचा दिवस वहीत लिहिलाच नाही, तर आणखी आठवड्यानं मी रीतसर माप घेईन. त्या मापात दिसेल की तीन आठवडे तार बांधलेली असूनही दाढा मागे गेल्या. धरून ठेवले तरी दात परततात. मला हेच हवं होतं. नेमकं हेच, याच शब्दांत. बारा उंदरांची मापं खरी, सहांची खोटी, आणि खोटी आहेत हे माहीत असलेला माणूस एकच, त्याची नोकरी बोलला तर जाणार. सौदा करणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली परिस्थिती मिळत नाही. समोरच्याला बोलता येत नाही आणि माल आपल्या हातात.

मी तारा परत बांधल्या. मामांनी उंदीर धरले.

वहीत मी तो दिवस कोरा ठेवला. तीन दिवस कोरा ठेवला. त्या तीन दिवसांत मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मनात दोनदा लिहिलं आणि मिरजेच्या त्या टेबलावर प्रत तीन वेळा ठेवली. दर वेळी डॉक्टर प्रत उघडायचे आणि तीच दोन वाक्यं म्हणायचे. सगळे असंच सांगतात. दात बोलतायत.

तिथंच गणित अडत होतं. मी खरं सांगितलं होतं तेव्हा त्या माणसानं मला खोटं ठरवलं. आता मी खोटं छापून त्याच्या पुढ्यात ठेवलं तर तो खरा ठरला असता, आणि तेही मागच्या तारखेपासून. त्याला कळलं नसतं हे खरं. पण मला कळलं असतं, आणि मग माझ्या रागाला पायाच राहिला नसता. मी त्या रागावर इतकी वर्षं शिकले होते. तो मला एका दिवसाच्या मापासाठी द्यायचा नव्हता. यात चांगुलपणा कुणी शोधू नये.

चौथ्या दिवशी मी वहीत लिहिलं: बेंदूर, सहा उंदरांच्या तारा देखभाल कर्मचाऱ्यानं कापल्या, चोवीस तासांत दाढा मागे गेल्या, मी तारा परत बांधल्या आणि तीन दिवस नोंद केली नाही. वही घेऊन मॅडमकडे गेले.

मॅडमनी दोनदा वाचलं. "तीन दिवस नोंद केली नाही, हेही लिहिलंस?"

"हो."

"ते नसतं लिहिलं तरी चाललं असतं."

"मग पुढचंही नसतं लिहिलं तरी चाललं असतं."

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "समितीपुढे जावं लागेल. दोघांनाही."

समितीपुढे मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. पशुवैद्यांनी विचारलं, "हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई, साहेब. बेंदूर तर कॅलेंडरवरच असतोय."

एक सदस्य हसले. पशुवैद्य हसले नाहीत. ते मला म्हणाले, "सहा उंदीर बाद. तुमचा तिसरा गट संपला. तुमचं काय म्हणणं?"

"मला सहा नवे द्या. आणि मामांना काढू नका."

"दोन मागण्या झाल्या. एक मागा."

मी आदल्या रात्री याचीच तयारी करून आले होते. मी म्हटलं, "सर, एकच मागणी आहे. तुम्ही मला सांगितलं होतं की एकही उंदीर मरता कामा नये. मेला नाही. अठरापैकी अठरा जिवंत आहेत. माझ्या हातानं ते जगलेले नाहीत, मला उंदीर धरतासुद्धा येत नाही. त्यांना काढलंत तर नवे उंदीर देताना मरणारे धरून जास्तीचे द्यावे लागतील. मग माझा तीसचाच आकडा बरोबर होता असं होईल."

पशुवैद्य शेजारच्या सदस्याला म्हणाले, "तासगाव." मला म्हणाले, "चार देतो. मामांना लेखी ताकीद. पुन्हा सण झाला तर तुम्हीही घरी."

मी पाच मागितले. चारच मिळाले.

प्रबंध सहा महिने पुढे गेला. माझ्याबरोबरचे पास होऊन दवाखाने टाकायला लागले, मी परत दिवा बांधून उंदराच्या तोंडात वाकले. मामांवर ताकीद निघाली ती त्यांनी घडी करून खिशात ठेवली. चारही उंदरांना पूर्ण तीन आठवडे तार राहिली. आम्ही दोघंही दिवसातून दोनदा तोंडं उघडून ती जागेवर आहे का बघायचो. मग तार काढली. एक दिवस, तीन दिवस, सात दिवस, प्रत्येक वेळी माप. शेवटी चौघांना मारलं. त्या दिवशी मामा रजेवर होते. त्यांनी रजेचं कारण लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी प्लास्टरच्या दाढा ओळीनं मांडून आकडे उतरवत होते. ते उभे राहून बघायला लागले.

"काय निघालं, ताई?"

"पूर्ण धरून ठेवले की कमी परततात. थोडे परततात, पण पुष्कळ कमी."

"म्हंजी तो मिरजंचा डॉक्टर बरोबर म्हनत हुता."

"असं दिसतंय."

"आनि आमच्या बेंदराच्या सहांचं?"

"ते बाद आहेत. शेवटी एका पानावर लिहिलंय. एक दिवस सुटलं तरी काय होतं ते."

मामांनी एक प्लास्टरची दाढ उचलली, उजेडाकडे धरली आणि परत ठेवली. "मग आता भांडन मिटलं म्हना."

"नाही मिटलं."

"का वो?"

मी त्यांना सांगितलं. उंदराच्या तोंडातली तार मी बांधली होती, त्याला ती काढता येत नव्हती. तार होती का नव्हती हे मला आणि मामांना माहीत होतं. म्हणून आकडे खरे. पण माझी प्लेट काढघाल करायची होती. ती मी रात्री घालायचे तेव्हा खोलीत आई झोपलेली असायची. मी ती घातली होती की नव्हती हे अठरा काय, अठराशे उंदीर मारले तरी सिद्ध होत नाही. हा प्रश्न उंदरांना विचारताच येत नव्हता. मी दोन वर्षं चुकीच्या साक्षीदारांना खाऊ घालत होते.

मामांनी विचार केला. "पर तुमी घातली हुती न्हवं?"

"रोज."

"मग झालं की," ते म्हणाले आणि रिकामे पिंजरे धुवायला घेऊन गेले.

प्रबंधाची एक प्रत मॅडमकडे आहे, एक कॉलेजात, एक माझ्या सांगलीच्या दवाखान्यात कपाटात. मिरजेला मी प्रत नेली नाही. तिच्यात त्या डॉक्टरांच्या बाजूचंच निघालेलं होतं, आणि ते आपल्या हातानं नेऊन द्यावं इतकी मी अजून निवळलेली नाही. माझ्याकडे येणारे पेशंट दात परतले म्हणून तक्रार घेऊन येतात तेव्हा मी दार आधी लावून घेते. मग विचारते, प्लेट घातली होती का. ते हो म्हणतात. त्यातले पुष्कळसे खोटं बोलत असणार, हे मला माझ्याच आकड्यांवरून माहीत आहे. मी कार्डावर लिहिते, 'घातली होती', आणि नवीन माप घेते.